खेळण्यांची माटोळी

चंद्रावतीच्या आजीने एका चवथीला एवढी जड माटोळी बांधली होती, की घराचा वासा वाकून गणपतीच्या मुकुटाला टेकला. तेव्हा गणपती म्हणे तोंड उघडून बोलला, "बाये, आता एक सुपारी जरी वाढवलीस, तर मी उंदराला घेऊन शेजारच्या घरात जाऊन बसेन." मुळगावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चंद्रावती ती दर चवथीला सांगते आणि दर चवथीला वासा आणखी वीतभर वाकतो. खरंखोटं गणपतीलाच विचारावं. पण बालवाडीत जो घोळ झाला, त्याचं मूळ त्या माटोळीतच होतं.

बालवाडी म्हणजे देवळामागची एक खोली. खिडक्या म्हणून दोन जनेलं, एक मेज, एक कपाट, एक चूल. देवकी टीचर पोरांना शिकवायची आणि चंद्रावती पेज शिजवायची, नाकं पुसायची, आणि टीचरला कसं शिकवावं तेही शिकवायची. दिवस बरे चालले होते. मग एका सकाळी बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळाचा निरोप आला. मंडळाच्या दोन बालवाड्या होत्या, एक खनिजाच्या रस्त्याच्या अलीकडे, देवकीची, आणि दुसरी पलीकडे. आता दोन्ही परवडत नाहीत, एकच ठेवायची. कुठली, ते ठरवायला एक बाई येऊन दोन्ही खोल्या बघून जाणार.



पलीकडची खोली मोठी होती, रंगवलेली होती. पण मधे रस्ता होता. त्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक तांबडी धूळ उडवत असे धावायचे, की एका बाजूने उडालेला पांढरा बगळा दुसऱ्या बाजूला तांबडा होऊन उतरायचा आणि त्याची बायको त्याला ओळखायची नाही. गावातली पोरं आईच्या स्कूटरवर बसून पलीकडे गेली असती. तारा कुणाच्या स्कूटरवर बसणार?

तारा ही मंजुळाची. मंजुळा बेळगावकडची, देवळापलीकडे नवी इमारत चढत होती तिथे डोक्यावरून विटा वाहायची. तारा तीन वर्षांची असताना दिवसभर वाळूच्या ढिगावर बसायची. एकदा ती त्या ढिगातच झोपली आणि वाळूचा टिप्पर मागे येऊ लागला. मंजुळाने धावत जाऊन पोरीला पायाला धरून ओढली. देवकी तेव्हा रस्त्याने जात होती. तिने ते डोळ्यांनी बघितलं. तशीच आत गेली, वाळूने भरलेली पोर कडेवर घेतली आणि मंजुळाला म्हणाली, "उद्यापासून ही माझ्याकडे. तुला काय म्हणायचं असेल ते म्हण." मंजुळा नुसती रडली.

म्हणून देवकीला एकच दिसत होतं. खोली गेली, की तारा परत वाळूत.

आता त्या कपाटाचं सांगायला हवं. जूनमधे मंडळाने नव्या खेळण्यांची मोठी पेटी दिली होती. लाकडी मासे, रंगीत मण्यांची पाटी, बाहुल्या, डबे, ठोकळे, तांबड्या शिडाची एक होडी. देवकीने ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. का, तर त्याआधीच्या वर्षी एका बाहुलीचा हात तुटला, आणि मंडळाच्या सेक्रेटरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "टीचर, पोरं सांभाळता की म्हशी?" देवकीला ते इतकं लागलं, की त्यानंतर तिच्या खोलीत काही मोडलं नाही. मोडायला काही बाहेर आलंच नाही. पोरं हाताची घडी घालून गाणी म्हणायची, करवंट्या वाजवायची, पेज खायची, घरी जायची. कपाटाची किल्ली देवकीच्या कमरेला.

बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी देवकीने कपाट उघडलं. ते एवढं करकरलं, की डिचोलीच्या बाजारातली कुत्री भुंकली. खेळणी जमिनीवर मांडली तर खोली लग्नघरासारखी अस्ताव्यस्त दिसायला लागली. मेजावर ठेवली तर दुकान.

"शोभा कशी ती दिसना," देवकी म्हणाली.

चंद्रावती कमरेवर हात ठेवून बघत होती. "अगो, शोभा खंय असता? शोभा वर असता! माझी माटोळेची चौकट घरात पडून आसा. चवथ होऊन पंधरा दीस झाले. घेऊन येतंय आणि बांधतंय."

ज्यांनी माटोळी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर ती गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, फुलं, वेली, सुपारीचे घोस, नारळ असं काय काय बांधतात. सगळं रान घरात येऊन उलटं लोंबतं. आणि गणपती पाण्यात पोहोचवून येईपर्यंत तिला कुणी बोट लावायचं नाही. लावलं तर आधी आजीचा हात बसतो, मग देवाचा.

देवकीला ती कल्पना आवडली. दोघींनी मेजावर चढून चौकट छताच्या कड्यांना बांधली आणि संध्याकाळपर्यंत एकेक खेळणं सुतळीने टांगलं. मधे मण्यांची पाटी, भोवती मासे, कडेने बाहुल्या आणि अगदी टोकाला ती तांबड्या शिडाची होडी. खाली उभं राहून बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटलं.

"पलीकडल्यांच्या खोलयेक आता कोण विचारता!" चंद्रावती म्हणाली. "माझी आजी असती तर रडली असती."

सकाळी मंडळाच्या बाई, क्षमा मॅडम, स्कूटरवरून आल्या. म्हापशाकडच्या, तिशीच्या, केसांवर तांबडी धूळ. हसून म्हणाल्या, "मी नाहीच असं समजा, टीचर. रोज चालतं तसं चालू द्या." आणि बसायला दिलेली कदेल, म्हणजे खुर्ची, बाजूला ठेवून कोपऱ्यात जमिनीवर बसल्या.

पोरं आली. दारात चपला काढल्या. वर बघितलं. आणि एकेकाने हात जोडले.

साईश म्हणून एक गुबगुबीत पोरगा होता, त्याने डोळे मिटून कपाळाला अंगारा लावल्यासारखं केलं आणि भिंतीला टेकून बसला. त्याच्या शेजारी दुसरा बसला. मग तिसरी. सगळी रांगेत, हाताची घडी, तोंडं वर. साईशने टाळ्या वाजवत आरती सुरू केली आणि बाकीच्यांनी सूर धरला.

क्षमा मॅडम आधी हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं, आणि ते जाताना देवकीने बघितलं.

"खेळा रे पोरांनो," देवकी म्हणाली. "आज खेळायचं. खेळा!"

कुणी हललं नाही.

"टीचर, गणपती अजून पाण्यात पावोवंक ना," साईश समजावणीच्या सुरात म्हणाला. "माटोळेक हात लावल्यार आजी मारता." आणि त्याने चंद्रावतीकडे बघितलं. चंद्रावतीचे डोळे असे, की त्यांनी दूध नासावं. पोर आणखी भिंतीत शिरलं.

मग क्षमा मॅडमनी एक विचित्र काम केलं. त्या गुडघ्यांवर उभ्या राहिल्या आणि तशाच गुडघ्यांनी खोलीभर फिरायला लागल्या. कपाटापाशी थांबल्या, तर डोळ्यासमोर बरोबर कुलूप. भिंतीपाशी थांबल्या, तर खालची भिंत कोरी. चित्रं सगळी वर, मोठ्या माणसाच्या डोळ्यांना बरी वाटतील अशी. खोलीच्या मधे येऊन त्यांनी मान वर केली. देवकीला आत कुठेतरी कळलं, त्यांना तिथून काय दिसत असणार. माशांची पोटं. बाहुल्यांचे तळवे. होडीचं बूड.

"मावशे," देवकी कुजबुजली, "आपलं चुकलं गो."

"गप. बघत रव," चंद्रावती म्हणाली.

बघायला फार वेळ लागला नाही. ताराच्या घरी कुठली माटोळी? तिच्या गावाला गणपती असतो, पण डोक्यावर रान टांगत नाहीत. तिने बाजूला ठेवलेली ती कदेल ओढत आणली, वर चढली आणि होडी धरली. सुतळी तुटेना. चंद्रावतीने बांधलेली गाठ ती, हत्तीने ओढली असती तर हत्ती लोंबला असता. तारा लोंबली. चौकट करकरली, एका बाजूने झुकली, आणि देवकी "तारा!" म्हणून ओरडेपर्यंत सगळी माटोळी खाली आली. मण्यांची पाटी ताराच्या कपाळाला लागून पलीकडे पडली.

क्षणभर खोलीत फक्त मणी घरंगळल्याचा आवाज.

मग साईश उभा राहिला. "पावलो!" तो ओरडला. "गणपती पाण्यात पावलो!"

आणि पोरं तुटून पडली. गणपती पोहोचवला की माटोळीतलं वाटून खायचं असतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी मासे पळवले, कुणी बाहुलीला पेज भरवायला बसलं, दोघांनी ठोकळ्यांचा रस्ता करून त्यावरून डब्यांचे ट्रक सोडले, आणि साईश भोंगा झाला. जी गौरवी नाव विचारलं तरी फ्रॉकचं टोक चावत बसायची, ती मधे उभी राहून रस्त्यावरच्या पोलिसासारखी हुकूम सोडत होती. देवकी दाराला धरून उभी राहिली. ही पोरं आपलीच का, असं तिला वाटलं. जूनपासून ही अशीच होती काय, कुलपाच्या बाहेर, वाट बघत?

क्षमा मॅडम मात्र आधी ताराकडे धावल्या होत्या. पोरगी त्यांच्या मांडीवर होती. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ, त्यावर ओलं फडकं. तारा रडली नाही. होडी मुठीत होती ती सोडली नाही.

"खेळणी रोज कुठे असतात?" मॅडमनी विचारलं.

"रोज खालीच असतात हो," चंद्रावती पापणी न लवता म्हणाली. "पोरांच्या पायांत लोळतात. आज तुमच्या मानाक म्हणून वर बांधली."

मॅडम देवकीकडे बघत राहिल्या. देवकीने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. खोली, रस्ता, वाळू असं सगळं डोक्यात गरगरत होतं.

दुपारी मंजुळा आली. हात सिमेंटने पांढरे. टेंगूळ बघून जागच्या जागी थांबली. तिने काही विचारायच्या आत चंद्रावतीने तोफ डागली, "बघ तुझ्या चेडवाचे प्रताप! कदेलीर चढून सगळी माटोळी पाडली. भायल्यांच्या पोरांक रीत ना, भात ना!"

मंजुळाची मान खाली गेली. टिप्परच्या चाकातून पोर ओढणारी बाई, पण इथे तिची मान खाली गेली. "पाडलीस व्हय गं?" म्हणत तिने हात उगारला.

देवकीने तो हात वरच्या वर धरला. गप्प बसणं सोपं होतं. एक पोर मस्तीखोर निघाली, एवढंच झालं असतं.

"तिला मारू नको," ती म्हणाली. "तिने काय केलं नाही. ओझं पोरांच्या डोक्यावर मी टांगलं." मग क्षमा मॅडमकडे न बघता पुढचं बोलली. "आणि मॅडम, खेळणी खाली नसतात. कपाटात असतात. जूनपासून. आज पहिल्यांदा निघाली."

चंद्रावतीने कपाळावर हात मारला. एवढा मोठा, की जनेलातला कावळा उडाला.

जाताना क्षमा मॅडम स्कूटरपाशी थांबल्या. "मी बघितलं तेच सांगणार, टीचर. चांगलं नाहीय ते. पण रस्त्याच्या या बाजूला खोली पाहिजे, हेही सांगेन. आधी न सांगता परत येईन मी. तेव्हा खेळणी पोरांच्या हातात पाहिजेत. आणि या बाजूची पोरं खोलीत पाहिजेत. सगळी. नाहीतर या बाजूला खोली कशाला, असं मला विचारतील, आणि मला उत्तर देता येणार नाही."

त्याच संध्याकाळी देवकीने सुतार बोलावून कपाटाची दारं काढून टाकली. किल्ली मात्र सवयीने कमरेलाच राहिली.

पोरं आली. तारा आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढेही नाही. स्कूटरचा आवाज आला की देवकी दाराकडे बघायची. पण खरं सांगायचं तर मॅडमची भीती तिला कमीच होती. ताराने घरी जाताना होडी मुठीतच नेली होती, कपाटातली तिची जागा रिकामी होती आणि सारखी तिकडे नजर जायची.

शेवटी ती इमारतीवर गेली. मंजुळा खाली विटा भरत होती.

"पोरीला धाड गो," देवकी म्हणाली. "कपाटाची दारं काढली मी."

मंजुळाने विटांची थप्पी सारखी केली. "कशाला ओ बाई? आमच्या पोरीनं काय तर मोडलं की नाव आमचंच. खेळणी वर टांगल्याली बरी. आमच्यासारख्यांनी खालनंच बघायची."

देवकीने खाली पडलेली एक वीट उचलून थप्पीवर ठेवली. "टेंगूळ बरं झालं?"

"झालं की."

"कुठे आहे ती?"

"वर हाय. पाण्यात खेळत्या."

देवकीने वर बघितलं. नव्या स्लॅबवर सिमेंटच्या चार बोटं उंच मेरा, बारीक बांध, करून पाणी साठवतात, उन्हाने स्लॅब फुटू नये म्हणून. त्या पाण्याच्या अगदी कडेला, आभाळात, तांबडं शीड हलत होतं.

ती जिना कशी चढली ते तिला आठवत नाही. जिन्याला कठडा नव्हता. वर पोचली तर तारा पलीकडच्या टोकाला, पाठमोरी, उकिडवी. होडी मेरेला लागली होती. मेरेच्या पलीकडे काही नव्हतं. खाली सळ्या.

देवकीच्या तोंडात "तारा!" आलं होतं. सगळा जन्म ती तसंच ओरडत आली होती, आणि ती ओरडली की पोरं दचकून उडायची. तिने ते नाव गिळलं. दगड गिळावा तसं गिळलं. मग ती पाण्यात गुडघ्यांवर बसली, आणि बसल्यावर तिला दिसलं. दिसलं म्हणजे दिसलंच नाही. कडा कुठे होती? त्या उंचीवरून पाणी संपून आभाळ सुरू होत होतं, मधे एक बारीक मेर, अंगणातल्या आळ्यासारखी. ओलांडायला सोपी. तारा रोज हेच बघत होती.

"होडीवाले," देवकी हळूच म्हणाली. आवाज गोड काढला. "ए होडीवाले! हे मुरगाव बंदर. तुझी होडी चुकून कुठे गेली? इथे माल भरायचा आहे."

तारा वळली. कपाळावर अजून पिवळा-निळा डाग. "काय माल?"

देवकीने कमरेची किल्ली सोडली आणि वर धरली. "लोखंड."

तारा विचार करत राहिली. तेवढ्यात वारा आला आणि शीड मेरेवर झुकलं. पोरीने हात पुढे केला, मेरेवर ओणवी झाली. देवकीच्या अंगातलं रक्त पाण्यात उतरलं. पण ती जागची हलली नाही. "लवकर आण," ती म्हणाली, "नाहीतर बंदर बंद होईल."

ताराने होडी उचलली. पाण्यात ठेवली आणि ढकलत, ढकलत, मधे मधे थांबत, भोंगा वाजवत ती मुरगावला आली. देवकीने किल्ली होडीत ठेवली. होडी कलंडली, किल्ली बुडाली, आणि तारा खदाखदा हसली. देवकीने तिला मिठीत घेतली ती इतकी घट्ट, की पोरगी "टीचर, दुखतंय" म्हणाली.

जिन्याच्या तोंडाशी मंजुळा उभी होती. तिने ती मेर बघितली, भिजलेली टीचर बघितली.

"मी म्हटलं पाणी बोटभरच हाय," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारा दारात होती. तिने होडी रिकाम्या जागेवर ठेवली, लगेच परत घेतली, आणि साईशला म्हणाली, "तू भोंगा हो."

मॅडम आल्या त्या दिवशी त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. गौरवीने त्यांना करवंटीतून चहा दिला आणि संपव म्हणून दटावलं. मंडळाने खोली ठेवली, पण वर्षापुरतीच. पुढचं पुढे. ट्रक काही कमी झाले नाहीत.

चंद्रावती आता माटोळीबरोबर ही गोष्टही सांगते. तिच्या सांगण्यात ती इमारत सात मजल्यांची झाली आहे, होडी मुरगावपर्यंत जाऊन खनिज टाकून परत येते, आणि देवकी जिना न चढता बगळ्यासारखी उडून वर जाते. ऐकणारे पोट धरून हसतात.

देवकी हसत नाही. ती गोष्ट अर्ध्यात आली की उठते, खोलीत जाते आणि पोरांमधे गुडघ्यांवर बसून चारी बाजूंना बघून घेते. जनेलाकडे, चुलीकडे, दाराकडे. तारा दिसली तरी आणखी थोडा वेळ बघत राहते.